एसीएलच्या शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले, स्पर्धा पाच महिन्यांवर आहे: खेळू का?

प्रश्न थोडक्यात असा. वय २४, उजव्या हाताने बॅडमिंटन खेळणारे. मागच्या डाव्या कोपऱ्यातला डोक्यावरचा फटका मारून डाव्या पायावर उतरताना गुडघा आत वळला, काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं, आतल्या बाजूची गादी म्हणजे मेनिस्कस फाटलेली. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची कंडरा काढून (हाच ग्राफ्ट) नवं लिगामेंट बसवलं, गादीला टाके घातले. आज सात आठवडे झाले. दुखणं जवळपास नाही, कुबड्या सुटल्या, ब्रेस सुटला. 'गुडघा किंचित सरळ व्हायचा राहिलाय, मांडी बारीक झालीय आणि संध्याकाळी थोडी सूज येते, बाकी उत्तम.' पाच महिन्यांनी स्पर्धा आहे. ओळखीतला एक जण सहाव्या महिन्यात कोर्टवर उतरला होता. मग मला जमेल का, आणि तोवर काय करू?

स्पर्धेचं आधी सांगून टाकते: या वेळी नाव देऊ नका. ती तारीख तुमच्या शस्त्रक्रियेपासून साडेसहा महिन्यांवर पडते आणि गादीला टाके असताना ते फार लवकर आहे. का, ते पुढे येईलच. पण बावीस वर्षं असे गुडघे हाताळल्यावर तुमच्या पत्रातला एक शब्द मला स्पर्धेपेक्षा जास्त खटकला. तो शब्द म्हणजे 'किंचित'.

गुडघा सरळ होणं हा या सगळ्या प्रवासातला पहिला आणि सगळ्यात कमी लेखला जाणारा टप्पा. वाकणं हळूहळू येतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातही येत राहतं. सरळ होणं मात्र पहिल्या काही आठवड्यांत मिळवलं नाही तर नंतर दगडासारखं हट्टी होतं. पाच अंश कमी म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण त्या पाच अंशांमुळे चालताना प्रत्येक पावलाला गुडघा अर्धवट वाकलेला राहतो, मांडीच्या पुढच्या स्नायूला क्षणभरही विश्रांती मिळत नाही, वाटीवर दाब वाढतो आणि काही महिन्यांनी 'वाटीच्या मागे दुखतंय' म्हणून लोक परत येतात.

'किंचित' म्हणजे किती, हे आज रात्रीच मोजा. पलंगावर पालथं झोपा, मांड्या वाटीच्या वरपर्यंत पलंगावर आणि नडग्या काठाबाहेर मोकळ्या. पाय सैल सोडा. घरातल्या कुणाला तरी दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजायला सांगा. ढोबळमानाने एक सेंटिमीटर फरक म्हणजे एक अंश. तुलना दुसऱ्या पायाशी करायची, पुस्तकातल्या शून्य अंशाशी नाही. कारण काहींचा चांगला गुडघा मुळातच शून्याच्या पलीकडे, थोडा मागे जातो. अशा माणसाचा ऑपरेशन झालेला गुडघा शून्यावर आला तरी त्याला तो वाकडाच वाटत राहतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

फरक निघालाच, तर उपाय कंटाळवाणा पण साधा आहे. उताणं झोपून किंवा बसून टाच गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवायची, गुडघ्याखाली काहीही नाही, आणि वजनाने गुडघा आपोआप खाली जाऊ द्यायचा. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. जोर लावून कुणी गुडघा दाबायचा नाही. थोडा ताण, जास्त वेळ, हेच इथे चालतं. झटके दिले की गुडघा चिडतो, सुजतो आणि होता तिथून मागे जातो. आणि रात्री गुडघ्याखाली उशी घेत असाल तर ती आजच काढा. ती उशी छान वाटते हे मला माहीत आहे. तिने जितके गुडघे वाकडे ठेवलेत तितके दुसऱ्या कशानेही ठेवले नसतील.

दोन-तीन आठवडे हे मनापासून केलं आणि तरी टाचांमधला फरक हलला नाही, किंवा शेवटच्या टोकाला आत काहीतरी अडकल्यासारखं वाटलं, टक् असा आवाज यायला लागला, तर सर्जनला दाखवा. कधीकधी नव्या ग्राफ्टच्या पुढ्यात व्रणाच्या मांसाची एक गाठ तयार होते. दुर्बिणीतून ती एखाद्या डोळ्यासारखी दिसते म्हणून तिला सायक्लॉप्स म्हणतात. दाराच्या फटीत खडा अडकावा तशी ती गुडघा सरळ होऊ देत नाही. ती व्यायामाने जात नाही, दुर्बिणीतून काढावी लागते. तसं झालं तर तुमचं काही चुकलं असं समजू नका, पण चार महिने वाटही बघत बसू नका.

आता मांडी. मांडी बारीक का झाली, याचं 'पाय वापरला नाही म्हणून' हे उत्तर अर्धंच खरं आहे. गुडघ्यात पाणी साचलं की सांध्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, अक्षरशः बंद ठेवतात. निरोगी माणसाच्या गुडघ्यात सलाइन टोचून हे दाखवून दिलं गेलंय: दुखापत नाही, दुखणं नाही, नुसतं पाणी भरलं तरी स्नायू मंदावतो, आणि मांडीचा आतला, वाटीलगतचा भाग त्यात सगळ्यात आधी झोपतो. म्हणून 'संध्याकाळी थोडी सूज' ही किरकोळ गोष्ट धरू नका. सूज असताना तुम्ही शंभर वेळा पाय उचललात तरी मज्जारज्जूने त्या स्नायूचा मुख्य स्विच बंद ठेवलेला असतो.

ही सूज घरी तपासता येते. पाय सैल सरळ ठेवून वाटीच्या आतल्या बाजूच्या खळग्यातून तळहाताने खालून वर दोन-तीनदा निपटून घ्या. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवा. आतल्या खळग्यात पाण्याची छोटी लाट परत येताना दिसली तर सांध्यात पाणी आहे. तुम्ही वर निपटताय तोवरच, बाहेरून हात न लावता, खळगा आपोआप भरत असेल तर जास्त आहे. रोज सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी एकदा बघायचं. काल जे केलं त्याने आज सकाळी लाट वाढली असेल, तर काल जास्त झालं. आजचा व्यायाम निम्मा. लाट आहे तेवढीच आहे आणि दुखणं दहापैकी दोनच्या आत आहे, तर चालू ठेवा. मला कोणत्याही वेळापत्रकापेक्षा या लाटेवर जास्त विश्वास आहे. गुडघा बोलतो तो सूज येण्या-जाण्यातून.

क्वाड्रिसेप्स जागा करायला विजेच्या सौम्य झटक्यांचं मशिन उपयोगी पडतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याचा फायदा होतो याला चांगला आधार आहे. मात्र ते लावून फोन बघत पडून राहायचं नाही, झटका आला की स्वतःही मांडी आवळायची. पाय सरळ ठेवून उचलताना गुडघा केसभरही वाकत नाही, इथपर्यंत आलात की स्नायू जागा झाला असं म्हणू. जागा झाला, बलवान नाही.

इथे एक वाद मिटवून टाकते, कारण तुम्हाला दोन फिजिओ दोन गोष्टी सांगतील. खुर्चीत बसून नडगी वर उचलायचा व्यायाम, म्हणजे लेग एक्स्टेन्शन, पूर्वी ग्राफ्ट ताणला जाईल या भीतीने वर्षभर वर्ज्य असायचा. आता ती भीती बरीच ओसरलीय. ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात तो चौथ्या आठवड्यापासूनही करता येतो आणि टप्पा हळूहळू वाढवत नेता येतो. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर बाराव्या आठवड्यापर्यंत वजन न लावता करावा, एवढी सावधगिरी बाळगतात. त्यानंतर मात्र वजन हवंच. नुसते स्क्वॉट आणि लेग प्रेस करून मांडी पूर्ण परत येत नाही, कारण त्यात नितंब आणि पोटरी हळूच काम वाटून घेतात. क्वाड्रिसेप्सला एकट्याला पकडायचं तर लेग एक्स्टेन्शनला पर्याय नाही.

मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक अतिउत्साहाची नाहीच. ती तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातली आहे. रंगीत रबरी पट्टा बांधून वीस-तीस वेळा पाय हलवायचा, घाम येतो, बरं वाटतं, आणि ताकद तिथेच. ताकद वाढवायला वजन असं लागतं की सहा ते आठ वेळा झाल्यावर नववी वेळ जमू नये. आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येक पायाने वेगवेगळं, मध्ये एक दिवस विश्रांती. तुमच्यासाठी हा टप्पा अजून महिना-दीड महिना दूर आहे, पण येईल तेव्हा लाजू नका. आणि चांगल्या पायालाही व्यायाम द्या. तोही या काळात सुकतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

आता ग्राफ्टच्या आत काय चाललंय ते, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. मांडीमागून काढलेली ही कंडरा आत बसवली जाते तेव्हा तिला रक्तपुरवठाच नसतो. पहिल्या आठवड्यांत तिच्यातल्या बऱ्याचशा पेशी मरतात. मग भोवतालच्या पटलातून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात, जुने धागे मोडून नवे विणायला घेतात. घर दुरुस्तीला काढल्यावर मधल्या काळात भिंती आधीपेक्षा कच्च्या असतात, तसं इथे होतं. प्राण्यांवरच्या अभ्यासांत ग्राफ्ट सर्वांत दुबळा साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात आढळतो. हाडातल्या बोगद्यात तो नीट पकड घेतो तेही याच सुमारास. त्याचं लिगामेंटसारखं रूपांतर पुढे वर्षभर आणि त्याहूनही जास्त चालू राहतं.

म्हणजे आजचा तुमचा सातवा आठवडा. दुखणं गेलं, कुबड्या गेल्या, जिना चढता येतो, मन म्हणतं झालं. आणि आत ग्राफ्ट नेमका याच दिवसांत सर्वांत कच्चा. घसरणं, ओल्या फरशीवर पाय वळणं, कुणीतरी हाक मारली म्हणून पाय रोवून गर्रकन वळणं, बसचा पाठलाग करणं, याच आठवड्यांत महागात पडतं. ग्राफ्टच्या पेशींना तुमची स्पर्धा माहीत नाही. तुम्ही दुप्पट व्यायाम केल्याने त्यांचं विणकाम दुप्पट वेगाने होत नाही.

गादीच्या टाक्यांचे वेगळे नियम आहेत आणि ते तुमच्या ओळखीच्या माणसाला बहुधा नव्हते. नुसतं एसीएल आणि एसीएलसोबत टाके घातलेली गादी, हे दोन वेगळे प्रवास. साधारण चार महिने वजन घेऊन ९० अंशांपुढे खोल वाकायचं नाही. उकिडवं बसणं, मांडी घालणं, खोल स्क्वॉट, सगळं तोवर बंद. खोल वाकल्यावर मांडीचं हाड गादीच्या मागच्या भागावर, म्हणजे बहुतेक वेळा नेमक्या टाक्यांवर, दाबून सरकतं. हॅमस्ट्रिंगचा वजन लावून व्यायामही उशिरा. एक तर तिथूनच ग्राफ्ट काढलाय, दुसरं म्हणजे मागच्या स्नायूंपैकी एकाचे धागे आतल्या गादीशी जोडलेले असतात. फाटलेला भाग कसा होता यावर हे नियम कमी-जास्त होतात. गादी मुळापासून सुटली असेल किंवा आडवी फाटली असेल तर ते आणखी कडक असतात. सर्जनने शस्त्रक्रियेचा जो कागद दिला असेल तो पुढच्या भेटीत फिजिओला दाखवा. अर्ध्याअधिक वेळा तो कागद घरी फाइलमध्ये असतो आणि फिजिओ अंदाजाने चालतो.

सायकल आता सुरू करायला हरकत नाही, सीट उंच ठेवून, बिनओझ्याची. पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण १०५-११० अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर पुढेमागे अर्धे फेरे मारा. पोहणं जखम पूर्ण भरल्यावर, पण बेडकासारखी लाथ मारून नाही, बराच काळ नाही.

धावण्याबद्दल लोक आठवडा विचारतात, मी उलट तीन गोष्टी विचारते. लाट येते का? गुडघा दुसऱ्याइतका सरळ होतो का? मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ७० टक्के आहे का? तिन्ही जमल्याशिवाय नाही, आणि बाराव्या आठवड्याआधी तर नाहीच. गादीचे टाके असल्याने तुमच्या बाबतीत मी चौथ्या महिन्याआधी परवानगी देणार नाही. प्रत्येक पावलाला जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट असतो. म्हणून सुरुवात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, अशी दहा मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाटेची तपासणी.

आता बॅडमिंटनकडे येऊ. तुमची दुखापत अगदी पाठ्यपुस्तकातली आहे. उजव्या हाताचा खेळाडू, मागचा डावा कोपरा, डोक्यावरून फटका, शरीर मागे आणि बाजूला कललेलं, एकट्या डाव्या पायावर उतरणं. बॅडमिंटनमध्ये एसीएल जाण्याची ही ठरलेली जागा आहे. समोर कुणी धक्का देत नाही, जाळीपलीकडचा माणूस दहा फूट लांब असतो. पाय टेकल्यापासून साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत लिगामेंट जातं. एवढ्या वेळात गुडघा वळतोय हे मेंदूला कळून स्नायू आवळले जाणं शक्यच नसतं. म्हणून 'सावध राहीन' याला काही अर्थ नाही. स्नायू पाय टेकायच्या आधीच तयार असायला हवेत, आणि ती सवय हजारो वेळा उतरून अंगात मुरते. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग बाजूला, मग वळून, मग हवेत असताना कुणीतरी दिशा ओरडतंय अशा गोंधळात, आणि शेवटी दमलेलं असताना. माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंना मी शेवटचे दोन महिने तोच मागचा कोपरा पुन्हापुन्हा खेळायला लावते. आधी शटलशिवाय, मग ठरवून दिलेल्या शटलवर. त्याच जागी लिगामेंट गेलं, त्याच जागी परत जायचंय.

किती महिने? २०१६ साली डेलावेअर आणि ओस्लो इथल्या संशोधकांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा करून जे प्रसिद्ध केलं, त्याने आमच्या क्षेत्राची भाषाच बदलली. नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जेवढं लांबवलं, तेवढं गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने घटत गेलं. नऊच्या पुढे तसा फायदा दिसला नाही. उड्या आणि झटकन वळणं असलेल्या खेळांत परतलेल्यांपैकी, परतण्याच्या चाचण्या पास न होता गेलेल्यांत ३८.२ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, पास होऊन गेलेल्यांत ५.६ टक्क्यांना. त्या अभ्यासातल्या खेळांच्या वर्गीकरणात बॅडमिंटन फुटबॉलपेक्षा एक पायरी खाली येतं, हे तुम्ही शोधून काढाल म्हणून मीच सांगते. पण तुमचं लिगामेंट फुटबॉल खेळताना गेलेलं नाही. तुमचं वयही विरोधात आहे: २५ च्या आतल्या, खेळात परतलेल्या लोकांत दुसऱ्यांदा एसीएल तुटण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्के आढळलंय, ऑपरेशन झालेला आणि चांगला असे दोन्ही गुडघे धरून.

दुसरा गुडघा लोक विसरतात. स्पेनची बॅडमिंटनपटू कॅरोलिना मारिन हिचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. जानेवारी २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या अंतिम सामन्यात, सायना नेहवालविरुद्ध, तिच्या उजव्या गुडघ्याचं एसीएल गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने चायना ओपन जिंकली आणि जगभरच्या क्लबांत 'आठ महिन्यांत जमतं' असा निष्कर्ष निघाला. २०२१ मध्ये डावा गुडघा गेला आणि टोकियो ऑलिंपिक हुकलं. २०२४ मध्ये पॅरिसला उपांत्य सामन्यात पहिला गेम जिंकून दुसऱ्यात पुढे असताना उजवा गुडघा पुन्हा गेला. लवकर परतल्यामुळेच असं झालं, असं मी म्हणत नाही. तेवढ्या उंचीवर खेळताना धोका कुणालाच चुकत नाही. पण कुणाच्या परतीची तारीख आपल्या कॅलेंडरवर उतरवताना त्या माणसाची पुढची पाच वर्षंही सोबत उतरवावीत.

चाचण्यांबद्दल माझीच एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक एकोणीस वर्षांची फुटबॉल खेळणारी मुलगी सातव्या महिन्यात माझ्याकडे होती. ताकद मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. एका पायावर लांब उडीची चाचणी घेतली, दुसऱ्या पायाच्या ९३ टक्के अंतर आलं. नव्वदच्या वर म्हणजे पास, म्हणून मी तिला मोकळं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात तिचा दुसरा गुडघा गेला. नंतर मी तिच्या उडीचं मोबाइलवरचं चित्रण पुन्हापुन्हा पाहिलं. उडी लांब होती, पण उतरताना ती धड पुढे झुकवून सगळा भार नितंबावर घेत होती, गुडघा जवळजवळ वाकतच नव्हता. अंतर सारखं आलं कारण नितंब आणि घोट्याने गुडघ्याचं काम झाकलं. मोजमापाची पट्टी मला ९३ दाखवत होती आणि मी पट्टीकडेच बघत होते.

तेव्हापासून मी उडीच्या अंतरावर एकट्यावर कधीच निर्णय देत नाही. लेग एक्स्टेन्शनवर एकेका पायाची ताकद मोजते, शक्य असेल तिथे यंत्रावर. मांडीच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंची दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, आणि शरीराच्या वजनाच्या मानानेही पुरेशी हवी. कारण दोन्ही पाय सारखेच दुबळे असले तरी टक्केवारी शंभर येते. मग चार प्रकारच्या उड्या, समोरून आणि बाजूने चित्रण करून. मग दमवून पुन्हा त्याच उड्या. सगळं एकाच दिवशी पास व्हायलाच हवं असंही नाही, राहिलेलं महिन्याने पुन्हा बघतो.

आणि भीती. ती चाचण्यांत धरत नाहीत, धरायला हवी. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे: शस्त्रक्रियेनंतर कुठल्या ना कुठल्या खेळात ८१ टक्के परतले, पूर्वीच्या पातळीवर ६५, स्पर्धात्मक खेळात ५५. या दरीत गुडघ्याचा दोष असतोच, पण पुन्हा तुटेल ही धास्तीही मोठी असते. तिचं मोजमाप करायला बारा प्रश्नांची एसीएल-आरएसआय नावाची प्रश्नावली आहे. सहाव्या महिन्यात एकदा आणि परतण्याआधी एकदा भरा. एखाद्याला भीती अजिबात वाटत नाही, तर मी त्यालाही थोडं थांबवते. मोडलेल्या जागी परत उडी मारताना पोटात जरा गोळा येणं निरोगीपणाचं आहे. ती घालवायला समजावणं फारसं कामाचं नाही, मागच्या कोपऱ्यात न पडता शंभर वेळा उतरणं कामाचं.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही आणि मग लोक रात्री घाबरून फोन करतात. जखमेच्या बाहेरच्या बाजूला नडगीवर कातडी बधिर वाटते. तिथली एक बारीक नस छेद घेताना दुखावते, काही महिन्यांत बधिर भाग आक्रसतो, थोडा कायमचाही राहतो. त्याचा ताकदीशी संबंध नाही. गुडघा वाकवताना कुरकुर आवाज येतो. दुखणं आणि सूज सोबत नसेल तर येऊ द्या. वाकून चप्पल घालताना मांडीच्या मागे अचानक चटका बसून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, तर बहुतेक वेळा ते ग्राफ्ट काढलेल्या जागेवरच्या भरत्या ऊतीचं असतं, गुडघ्यातलं नव्हे. तरी दाखवून घ्या. गुडघ्यावर जोरजोरात मालिश करायला कुणी बसलं तर हात जोडून नको म्हणा. व्रणावर आणि वाटीभोवती हलक्या हाताने करायचं ते फिजिओ शिकवेल. खेळताना ब्रेस घातल्याने दुसऱ्यांदा तुटणं टळतं, याला भक्कम आधार नाही. घालून धीर येत असेल तर घाला, पण ताकदीच्या जागी नको. तंबाखू-सिगारेट असेल तर थांबवा, रक्तवाहिन्या वाढायच्या या काळात तर नक्कीच. झोप पुरेशी आणि प्रथिनं भरपूर.

यांतलं काही झालं तर मात्र वाट बघायची नाही: पोटरी एकाएकी सुजून दुखू लागणं, धाप लागणं किंवा छातीत दुखणं (हे आपत्कालीन विभागाचं काम, फिजिओचं नाही), ताप येऊन गुडघा गरम, लाल होणं, पाय वळून आवाज होऊन काही तासांत मोठी सूज, किंवा गुडघा एका जागी अडकून बसणं, ना पुढे ना मागे.

तर तुमच्यापुढचे पाच महिने मला असे दिसतात. पुढचे तीन आठवडे फक्त दोन कामं: टाचांमधला फरक शून्यावर आणणं आणि सकाळची लाट घालवणं. चालताना आरशात किंवा चित्रणात स्वतःला बघा. पाऊल टेकताना गुडघा सरळ होतोय का, एवढंच. बाराव्या आठवड्यानंतर वजनं. चौथ्या महिन्यानंतर धावणं, मग हळूहळू उड्या. तुमची ती स्पर्धा येईल तेव्हा तुम्ही कोर्टवर असाल, पण शटलशिवाय पावलं टाकत किंवा उभ्या जागी हाताने खेळत. तो दिवस वाईट जाईल, मित्र आग्रह करतील, एकच सामना म्हणतील. तेव्हाच ताकदीची पहिली पूर्ण चाचणी ठेवा. नवव्या महिन्यात पुन्हा. त्यानंतर पूर्ण सराव, आणि सराव महिना-दीड महिना विनातक्रार झाला की सामना. माझ्या अंदाजाने दहावा ते बारावा महिना.

पट्टीने मोजलेला आकडा वहीत तारखेसह लिहा आणि पुढच्या भेटीत फिजिओसमोर ठेवा. दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, आधीच फोन करा.